दाजींना समुपदेशनाला न्यायचंय, तिथे नेमकं काय करतात?

मिरजकर:
दाजी 41 वर्षांचे, सांगलीत हळदीच्या अडतीवर हिशेब बघतात. वडील जाऊन वर्ष झालं, डोळ्यांतून टिपूस नाही. पण पोरांवर खेकसणं, पहाटे तीनला जाग आणि रोज पिणं चाललंय. "नुसतं बोलून काय होतंय?" म्हणतात. खरंच काय होतं? किती वेळा जावं लागतं?

कृष्णाकाठ:
पहिल्या एक-दोन बैठकांत बहुतेक माहितीच घेतात. झोप, दारू, घरचं, मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारतात. पीएचक्यू-9 नावाची नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची चाचणी असते, मागच्या दोन आठवड्यांची. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी. मात्र राग आणि दारू तिच्यात विचारतच नाहीत, त्यामुळे अशा माणसाचे गुण फसवे कमी येऊ शकतात. ते दोन्ही आपणहून सांगावं.

खरं काम पुढे. "काय वाटतं?" म्हटलं की "काही नाही" हेच उत्तर, म्हणून सुरुवात अंगापासून: जबडा आवळतो का, छाती भरते का, 0 ते 10 मध्ये किती? मग वहीत चार रकाने: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं, मी काय केलं. लिहायचं त्याच रात्री. रविवारी आठवडाभराचं एकदम लिहिलं की राग तेवढा आठवतो, त्याच्या आधी पोटात तुटलेलं निसटतं. ते सापडलं की टाळलेल्या गोष्टी एकेक करून: वडिलांचं कपाट उघडणं, त्यांच्याबद्दल आईशी बोलणं.

सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा बोलण्याचा उपचार) पद्धतीत साधारण 12 ते 16 बैठका, आठवड्याला एक, 45-50 मिनिटांची. मध्ये त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि गडी तिथेच सोडतो. हे आधीच सांगून ठेवा.

विश्रामबाग:
दारू रोजची असेल तर एकदम तोडू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत थरथर, झटके, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. "चार दिवसांत फरक नाही" म्हणून बंद करू नयेत.

कराडचा:
"बीपी दाखवून येऊ" असं सांगून नेऊ नका, दुसऱ्या बैठकीला येणार नाहीत. गावात कळेल ही भीती असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. आधी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर बोलू द्या: फुकट, चोवीस तास, मराठीत.

मिरजकर:
रोज एक क्वार्टर आहे. म्हणजे आधी सिव्हिल, वही नंतर. ताईला सांगतो.