निकालाआधी वह्या बघा
खासगी शाळांचे निकाल चांगले लागतात म्हणून तीच शाळा निवडावी, हा मुद्दा मला पटत नाही. 'पिसा २०१८' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात खासगी शाळांतली मुलं पुढे दिसली खरी; पण मुलांच्या घरची आणि शाळेतल्या एकूण मुलांची आर्थिक-सामाजिक परिस्थिती हिशेबात घेतल्यावर ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) देशांच्या सरासरीत सरकारी शाळांतली मुलंच पुढे निघाली. निकालात घरचा वाटा एवढा मोठा असतो.

लेकीसाठी शाळा बघताना मी मुलांच्या वह्या चाळायला मागितल्या. एका चकचकीत शाळेत सगळ्यांची उत्तरं शब्दन् शब्द सारखी, खाली नुसती बरोबरची खूण. सरकारी शाळेतल्या वहीत चुकलेल्या गणिताशेजारी बाईंनी लिहिलं होतं, 'हातचा कुठे गेला?' तिथेच नाव घातलं. आणि हो, अंतरही बघा; रोज चालत जाता येणं ही फार मोठी सोय आहे.