शब्दचर्चा: मन पालवतं, तरारतं की बहरतं?

रानवाट
फाल्गुन-चैत्रात दोन-चार तास रानात हिंडलं की थंडीभर साचलेली मरगळ जाते. या अवस्थेला नेमकं क्रियापद कोणतं? तपासायला आलेल्या एका मजकुरात 'मनाची पालवी बहरली' असं आहे. खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. त्याच मजकुरात 'वनस्नान' (रानात निवांत वेळ घालवणं) हा शब्दही आहे. ठेवावं का?

खोडवा
पालवी फुटते, बहर फुलांना. खटकतंय ते तिथे.

पालवी हा शब्द संस्कृत 'पल्लव'वरून आला. ती पानगळीनंतर नाहीतर छाटणीनंतर येते. त्यामुळे 'मनाला पालवी फुटली' म्हटलं की आधी काहीतरी गळून गेलं होतं, हे त्यात धरलेलंच असतं: आजारपण, वियोग, मोठं अपयश. रविवारी टेकडीवर जाऊन आलेल्याला हा शब्द ढगळ होतो.

त्याच्यासाठी 'तरारणे' आहे. उन्हाने मान टाकलेला मेथीचा वाफा संध्याकाळच्या पाण्यावर सकाळपर्यंत तरारतो. नवीन पान येत नाही, तेच पान पेशींत पाणी भरून ताठ होतं. शीण जाऊन माणूस पुन्हा कामाला लागतो, ते हेच.

दोन्हींची सरमिसळ करू नका. पिंपळाचं किंवा कुसुंबाचं कोवळं पान हातात घेऊन पाहा: मऊ, लुळं, देठापासून खाली लोंबणारं. पालवी सुरुवातीला तरारलेली नसतेच.

रानवाट
म्हणजे 'हिरवीगार तरारलेली चैत्रपालवी' दोनदा चुकली?

खोडवा
'हिरवीगार'ही सरसकट चालत नाही, हो. कुसुंब लालभडक फुटतो, लांबून फुलोराच वाटतो. पिंपळ तांबूस-गुलाबी, आंबा तपकिरी-जांभळट. हा रंग अँथोसायनिन या लाल-जांभळ्या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत कोवळ्या पानाला कडक उन्हापासून त्याचा आडोसा मिळतो, असं मानतात. करंज मात्र पोपटी, लकाकता. झाडाचं नाव ठाऊक असेल तर रंग त्याचाच लिहा.

दुसरं, पंचांगाने वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पळस आणि काटेसावर माघ-फाल्गुनात, म्हणजे कागदोपत्री शिशिरातच फुललेले असतात. तेव्हा फाल्गुनातल्या वर्णनाला 'वसंताची चाहूल' पुरे. 'चैत्रपालवी' पाडव्याच्या आसपास राखून ठेवा.

बागवान
बहराबद्दल थोडं. संत्रा, मोसंबी, डाळिंबवाल्यांना बहर 'धरावा' लागतो, म्हणजे तीनपैकी कोणत्या हंगामात फुलं आणायची ते ठरवावं लागतं. आंबे बहर जानेवारी-फेब्रुवारीत, मृग जून-जुलैत, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्याआधी झाडाला 'ताण' देतात, म्हणजे पाणी तोडतात: हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला. मग ताण 'तोडतात', तेही जपून. पहिलं पाणी हलकं, पुढे वाढवत न्यायचं. एकदम भरपूर दिलं तर फुलगळ होते. मध्येच अवकाळी पाऊस झाला तर फुलांऐवजी नुसती 'नवती', म्हणजे पानांची फूट, येते. ताण लांबला तर फांद्या वाळतात.

'ताणानंतर मन बहरतं' असं लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बागेतला ताण मोजून, जाणून दिलेला असतो. मनावरचा तसा नसतो, त्यामुळे ही उपमा लंगडी पडते.

आणि 'बहर' पुल्लिंगी, 'बहार' स्त्रीलिंगी. 'बहर आला' झाडाला, 'बहार आली' मैफलीला.

मोडीवाचक
'मोहरणे' राहिलं. अंग मोहरतं ते क्षणभर: पहिला कोकीळ, मोहोराचा वास. आंब्याच्या मोहोरातल्या फार थोड्या फुलांचं फळ होतं. बाकीची तुडतुडे (रस शोषणारे किडे), भुरी (बुरशीचा रोग) आणि ढगाळ हवेने जातात, किंवा उगाचच गळतात. टिकाऊ बदलासाठी हे क्रियापद नको.

'पल्लवित' वृत्तपत्रांनी 'आशा'शी बांधून टाकलंय. आशा पल्लवित होतात. 'मन पल्लवित झालं' कानाला बोजड लागतं.

वनस्नान: जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिन्रिन-योकू' हा शब्द काढला, त्याचं हे शब्दशः रूप. जपानीत 'योकू' सूर्यस्नानालाही लागतो, म्हणून तिथे सहज बसतो. मराठीत 'स्नान' म्हटलं की अभ्यंग नाहीतर कुंभमेळा आठवतो. त्या जपानी पद्धतीबद्दलच मजकूर असेल तर ठेवा, एरवी नको. 'निसर्गोपचार' तर मुळीच नको. ती मातीच्या पट्ट्या, कटिस्नान वगैरेंची वेगळी उपचारपद्धती आहे.

आपल्याकडे ऊन खातात, वारा खातात. दुखण्यातून उठलेल्याला 'हवापालट' सांगत, मग माथेरान नाहीतर पन्हाळा. जरा जुनाट वाटेल, पण शरीर आणि मन दोन्ही त्यात येतात.

रानवाट
मजकूर नोकरी गेल्यानंतरच्या काळाबद्दल आहे, रोज सकाळी तासभर माळावर जाण्याबद्दल. मग असं करते: 'पहिले काही दिवस नुसतं तरारल्यासारखं वाटायचं, पालवी फुटायला महिना गेला.'

खोडवा
चालेल. 'तरारल्यासारखं'मधलं 'सारखं' काढा.

मोडीवाचक
जाता जाता: 'पालवणे'चा दुसरा अर्थ पदर किंवा हात हलवून बोलावणं. पदरालाही पालव म्हणतात ना. 'रान पालवतंय' लिहिलंत तर दोन्ही अर्थ निघतील. एकच हवा असेल तर 'रानाला पालवी फुटलीय' लिहा.