होसे रामिरेझला २०२० चा एमव्हीपी मिळायला हवा होता का?

थर्डशिफ्ट_शिरोली:

फुटबॉलच्या गावात बेसबॉलचा धागा काढतोय, शिव्या जपून घाला. एमव्हीपी म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉल लीगमधला हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. पाटाकडील-दिलबहारच्या मॅचला शाहू स्टेडियमवर माझा पण घसा बसतो. पण हा विषय दोन-तीन वर्षं डोक्यात आहे आणि घरात कुणी ऐकून घेत नाही.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, थर्ड शिफ्ट स्वतः मागून घेतलेली. आमचं एक गिऱ्हाईक ओहायोतलं. त्यांच्या क्वालिटीवाल्याशी रिजेक्शनवरून मेलवर भांडणं चालायची. ब्लो होलचे फोटो, टक्केवारी, तुम्ही असं केलंत, आम्ही तसं केलं, आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटच्या ओळीत ‘काल होसेनं काय मारला बघितलंस का?’ एकदा बघितला आणि अडकलो. होसेच्या संघाच्या, म्हणजे ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या, घरच्या मॅच बऱ्याचदा आपल्या पहाटे चारनंतर सुरू होतात. तोवर आमचं ओतकाम उरकलेलं असतं, मोल्ड थंड व्हायची वाट बघायची. कोअर शॉपच्या मागं तेवढी रेंज येते.

आता माणूस सांगतो. होसे रामिरेझ, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानीचा, जन्म १९९२ चा. क्लीव्हलँडनं २००९ मध्ये त्याला ५० हजार डॉलरला घेतलं, त्या धंद्यात ही चिल्लर. उंची कागदावर ५ फूट ९ इंच. दोन्ही हातांनी बॅटिंग करतो: पिचर (चेंडू टाकणारा) उजवा असला की हा डावखुरा, पिचर डावा असला की हा उजवा. फटका राईट फिल्डच्या कोपऱ्यात गेला की हा पहिल्या बेसला वळसा घालतानाच हेल्मेट उडून मागं पडतं. गडी मोकळ्या डोक्यानं पळत जाऊन दुसऱ्या बेसवर घसरतो, उठतो, पँटवरची माती झटकतो आणि पिचरकडं असा बघतो, की त्या पिचरला कळतं आता हा तिसरापण चोरणार, म्हणजे फटका नसताना पळून तिसरा बेस गाठणार.

एमव्हीपीच्या मतदानात हा २०१७ ला तिसरा, २०१८ ला तिसरा, २०२० ला दुसरा, २०२२ ला चौथा, २०२४ ला पाचवा, २०२५ ला परत तिसरा. पहिला एकदाही नाही. असला दुर्लक्षित गडी दुसरा नाही.

सगळ्या वर्षांवर माझा दावा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. २०१८ ला ३९ होमरन (थेट कुंपणापार फटके) मारले आणि ३४ बेस चोरले, पण त्या वर्षी मूकी बेट्स आणि माईक ट्राउट पुढं होते, गप्प बसलो. २०२२ ला अंगठ्याचं लिगामेंट दुखावलेलं घेऊन १२६ आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन) केले, ऑपरेशन हंगाम संपल्यावर. पण त्याच वर्षी ॲरन जजनं ६२ होमरन मारले, आता तिथं काय बोलणार? माझं भांडण फक्त २०२० चं आहे. ते त्याचं होतं, असं माझं ठाम मत. तुम्हाला काय वाटतं?

---

गंगावेस_तालीम:

भावा, पहाटे चारला आम्ही जोर मारतो आणि तू अमेरिकेतली चेंडूफळी बघतोस, इषय हार्ड आहे तुझा. पण मला एक सांग, हे एमव्हीपी म्हणजे महाराष्ट्र केसरीची गदा का? गदा असेल तर रडायचं कशाला, ज्यानं पाठ लावली त्याची गदा.

---

थर्डशिफ्ट_शिरोली:

तिथंच तर गोम आहे. गदा मातीत नाहीतर मॅटवर ठरते. हे मतांवर ठरतं, आणि मतं देतात बातमीदार. प्रत्येक लीगमध्ये १५ संघ, प्रत्येक संघाच्या शहरातले दोन लेखक, असे ३० मतदार. प्रत्येकानं दहा नावं क्रमानं लिहायची. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, मग एकेक कमी होत दहाव्याला १. पहिल्या-दुसऱ्यातली ती पाच गुणांची उडी बघ. सगळ्यांच्या कागदावर वर्षानुवर्षं तिसरा-चौथा असणाऱ्याची त्यात माती होते. आणि मतं प्लेऑफ (हंगामानंतरचे बाद सामने) सुरू व्हायच्या आधी द्यायची, त्यामुळं पुढं कोण किती चमकला याला किंमत शून्य.

---

गंगावेस_तालीम:

मग लेखकांच्या हातात दिल्यावर असंच होणार. आपल्याकडं काय वेगळं? खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीतनं ब्राँझ आणलं. जायला पैसे नव्हते म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं होतं. खाशाबा १९८४ ला गेले आणि अर्जुन मिळाला तो २००० सालचा, त्यांच्या मागं. पद्मचं तर नावच काढू नकोस. तुझा रामिरेझ निदान जिवंतपणी तिसरा-चौथा तरी येतोय.

---

सॉफ्टबॉल_कर्वेनगर:

मी विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळले आहे, कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) होते, म्हणून थोडं कडक बोलते. २०२० ला शिकागो व्हाइट सॉक्सच्या होसे अब्रेऊला मिळालं ते काही खिरापत म्हणून नाही. ६० सामन्यांचा हंगाम, गडी साठच्या साठ खेळला. हिटची सरासरी ०.३१७, होमरन १९, आरबीआय ६०. तुमच्या रामिरेझचे ५८ सामने, ०.२९२, १७ आणि ४६. तिन्ही रकान्यांत मागे. ३० पैकी २१ जणांनी अब्रेऊला पहिलं ठेवलं. एकवीस माणसं एकदम आंधळी झाली का?

आणि ‘दुर्लक्षित’ हा शब्दही मला पटत नाही. २०२४ पर्यंत त्याच्या नावावर पाच सिल्व्हर स्लगर (आपापल्या जागेवरच्या सर्वोत्तम बॅटरचा पुरस्कार) आहेत. बेसबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारा, रामिरेझ माहीत नाही असा सापडायचा नाही. नेहमी कौतुक होतं त्याचं, पण कौतुकाच्या शेवटी ‘बिचारा’ लावायची लोकांना सवय लागली आहे.

---

थर्डशिफ्ट_शिरोली:

ताई, कॅचर होता म्हणजे तुम्ही अख्खं मैदान समोरून बघितलंय, तुमच्याशी भांडायला मजा येईल.

आरबीआय म्हणजे तुमच्या फटक्यावर किती जण घरी पोचले. पण तुमच्या आधीचे बेसवर उभे तर पाहिजेत! शिकागोत अब्रेऊच्या पुढं टिम अँडरसन त्या वर्षी ०.३२२ नं मारत होता. अब्रेऊ बॅट घेऊन आला की पाहुणे आधीच ओसरीवर बसलेले. क्लीव्हलँडच्या बॅटिंगची त्या हंगामात काय अवस्था होती ती तुम्हाला ठाऊक आहेच, संघ पिचिंगवर तरला होता.

आता दुसरा रकाना उघडा. प्लेटवर आल्यावर किती वेळा बेसवर पोचला: रामिरेझ ०.३८६, अब्रेऊ ०.३७०. रामिरेझनं ३१ वॉक (पिचरच्या चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) काढले, अब्रेऊनं १८. चोरलेले बेस १० विरुद्ध शून्य. हा बेसवर पोचण्याचा आकडा आणि स्लगिंग (फटक्यांची ताकद मोजणारा आकडा) मिळून रामिरेझ ०.९९३, अब्रेऊ ०.९८७. फरक केसाएवढा, पण तो ह्याच्या बाजूनं. वर अब्रेऊ फर्स्ट बेसला आणि हा थर्ड बेसला. थर्डवरचा चेंडू कसा अंगावर येतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि २२ सप्टेंबर २०२०. समोर शिकागोच. दहावी इनिंग, क्लीव्हलँड एका रननं मागं, दोघं बेसवर. रामिरेझनं होमरन मारला, ५-३, मॅच खलास, आणि त्याच फटक्यावर संघ प्लेऑफमध्ये. ज्याला मत द्यायचं त्या दोघांतला एक समोरच्या संघात असताना दुसरा हे करतो, अजून काय पाहिजे?

---

सॉफ्टबॉल_कर्वेनगर:

एका फटक्यावर पुरस्कार द्यायचा तर मग प्रत्येक हंगामात दहा जणांना द्यावा लागेल. वॉकचा मुद्दा मात्र बरोबर आहे. आमच्याही मॅचमध्ये वॉक काढणारीला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मोठा फटका मारणारीचा फोटो पेपरात. आरबीआयचं भूत लेखकांच्या मानेवरून उतरायला वेळ लागतोय, एवढं मान्य. पण ०.९९३ आणि ०.९८७ मधल्या फरकावर मी कुणाला हरवणार नाही.

---

राजारामपुरी_ते_ओहायो:

धागा बघून नाश्ता अर्धवट टाकला! कोलंबसला असतो, क्लीव्हलँड गाडीनं दोन तासांवर. हा बॅटिंगला आला की अख्खं स्टेडियम ‘होसे, होसे होसे होसे’ करत गातं, अंगावर काटा येतो.

पैशाचं सांगतो. २०२२ मध्ये ह्यानं क्लीव्हलँडशी सात वर्षांचा करार केला, १४१ मिलियन डॉलर. तुम्हाला मोठा वाटेल. ह्वान सोटोला न्यूयॉर्क मेट्सनं २०२४ च्या डिसेंबरात १५ वर्षांचे ७६५ मिलियन दिले. रामिरेझनं बाजारात उभं राहायचं ठरवलं असतं तर कितीतरी जास्त मिळाले असते, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. तो थांबला. छोट्या शहराचा संघ, देशभर दाखवतात त्या मॅचमध्ये न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच जास्त. मतं देणारा सिॲटलचा लेखक ह्याला वर्षात किती वेळा डोळ्यांनी बघत असेल?

दुखणं खरं २०२४ चं आहे. ३९ होमरन, ४१ चोरलेले बेस, ३९ डबल (दोन बेसचे फटके). एक होमरन झाला असता तर ४०-४०, म्हणजे एकाच हंगामात ४० होमरन आणि ४० चोरलेले बेस. तोवर एवढं जमलेले फक्त सहा: कॅन्सेको, बाँड्स, ए-रॉड, सोरियानो, आकुन्या आणि त्याच वर्षी ओतानी. २९ सप्टेंबरला ह्यूस्टनशी शेवटची मॅच घरच्या मैदानावर, आणि पाऊस. क्रमवारीत फरक पडणार नव्हता म्हणून मॅच रद्दच केली. आपल्याकडं जुलैत रंकाळा भरतो तसला पाऊसही नव्हे, पण मैदान गेलं ते गेलंच.

आणि सगळ्यात वाईट काय माहितेय? बेसबॉल न बघणारे माझे ऑफिसातले लोक ह्याला ओळखतात ते ५ ऑगस्ट २०२३ च्या ठोशामुळं. वर आला तोच टिम अँडरसन. दुसऱ्या बेसवर बाचाबाची झाली, अँडरसननं बॉक्सरसारखे हात वर केले आणि ह्यानं एकच उजवा लावला, तो खाली. इतकी वर्षं असला खेळ करून व्हायरल झाला तो भांडणात.

---

गंगावेस_तालीम:

एका ठोशात? आता मी ह्याचा फॅन.

---

आकडेमोड_सांगली:

थोडं मागं जाऊन बघा. एडी मरे १९८१ ते १९८५ सलग पाच वर्षं एमव्हीपीच्या पहिल्या पाचात होता, त्यात दोनदा दुसरा. एकदाही मिळाला नाही. ५०४ होमरन, ३,२५५ हिट, २००३ मध्ये हॉल ऑफ फेम (बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा कायमचा मान). एड्रियन बेल्ट्रे, हाही डॉमिनिकन, हाही थर्ड बेस. २००४ मध्ये ४८ होमरन मारून दुसरा. एमव्हीपी नाही, ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या संघात) फक्त चार वेळा. पण ३,१६६ हिट झाले आणि २०२४ मध्ये पहिल्याच प्रयत्नात ९५ टक्के मतांनी आत गेला. हॉल ऑफ फेमची मतंही लेखकच देतात. फक्त तिथं त्यांच्यासमोर अख्खी कारकीर्द असते.

रामिरेझकडं २०२५ संपताना २८५ होमरन आणि २८७ चोरलेले बेस होते. ३०० आणि ३०० दोन्ही ओलांडलेले तोवरच्या इतिहासात आठच. दादा, तुम्ही २०२० च्या कागदावर का अडलाय? हा गडी दुसऱ्याच दाराने जाणार आहे.

---

थर्डशिफ्ट_शिरोली:

दुसऱ्या दाराने जाईल तेव्हा मी पेढे वाटीन. पण म्हणून पहिलं दार बंद केलं ते बरोबर होत नाही. ‘पुढं बघू’ म्हणून आजचं इन्क्रिमेंट अडवणारे सुपरवायझर मी बघितलेत.

ताई, तुमच्या केसाएवढ्या फरकाबद्दल. समजा बॅटिंग सारखीच धरली. मग उरलं काय? चोरलेले दहा बेस आणि थर्ड बेसची फिल्डिंग. दोन्ही रामिरेझकडं. बरोबरीचा तराजू एका बाजूला झुकवायला एवढं पुरे आहे. आणि आठ लेखकांनी त्याला पहिलं मत दिलंच होतं, म्हणजे मी एकटाच वेडा नाही.

---

सॉफ्टबॉल_कर्वेनगर:

थर्ड बेसचा मुद्दा पहिल्याच पोस्टमध्ये मांडला असतात तर एवढं लिहावं लागलं नसतं. तरी माझं मत अब्रेऊलाच. साठपैकी साठ सामने खेळणं हाही एक गुण आहे, आणि कोविडच्या वर्षात तर जास्तच.

---

गंगावेस_तालीम:

तुमचं चालू द्या. मला फक्त एवढं सांगा, पहाटे मी आखाड्यात असतो, मग ह्याला बघायचं कधी? आणि सुरुवात कुठनं करू?

---

थर्डशिफ्ट_शिरोली:

लाइव्ह नको, व्यायाम मोडू नकोस. दूध कट्ट्यावर ग्लास घेऊन बसलास की मोबाईलवर २०२० च्या त्या मॅचची दहावी इनिंग लाव. ठोसा त्याच्यानंतर. आधी ठोसा बघितलास तर इनिंग बघणार नाहीस, ओळखून आहे मी तुला.