ब्लूज आवडतं म्हणजे शायनिंग मारतो काय?

बोरूबहाद्दर: काल एका धाग्यावर तिरपागडे यांनी पिंक टाकली : "ब्लूज म्हणजे तीन कॉर्ड आणि रडगाणं. आवडल्याचं नाटक करतात लोक." उत्तर लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. त्यात तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि बारा बारचं, म्हणजे बारा मात्रागटांचं, चक्र ठरलेलंच असतं हो. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसरीत निकाल लावायचा. पण ओळ संपल्यावर उरलेल्या जागेत गिटार काय उत्तर देते ते ऐका की! मीही एरिक क्लॅप्टन या इंग्लिश रॉक गिटारवाल्याच्या वाटेने आलेला. रॉबर्ट जॉन्सन या जुन्या ब्लूजवाल्याची 1936-37ची रेकॉर्डिंग्ज म्हणजे नुसती खरखर वाटायची. मग एकदा हेडफोन लावून बसलो. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतोय आणि बाकीची बोटं वर भलतंच काही बोलतायत. दोघं वाजवतायत म्हणावं, तर गडी एकटाच.

तिरपागडे: मुंबईत एका ब्लूजच्या कार्यक्रमाला गेलो होतो. स्टेजवर माणूस जीव तोडून वाजवतोय आणि माझ्या पुढचे दोघं ठाण्यातल्या फ्लॅटच्या भावावर बोलतायत. हे तुमचे रसिक!

कोमल_गंधार: ब्लूजचा तो चेपलेला गंधार म्हणजे दरबारी रागातला आंदोलित गंधारच. आपल्याकडे होतंच हे.

डेल्टाकर: आलं, "आपल्याकडे होतंच" आलं! दरबारीचा ग कोमलच्याही खाली, रिषभाला धरून डोलतो. ब्लूजचा ग कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो, आणि त्याच वेळी खाली शुद्ध गंधाराची कॉर्ड चालू असते. त्या टकरीतच गंमत आहे. दरबारीत शुद्ध ग लावून बघा, गुरुजी पेटी फेकून मारतील.

कोमल_गंधार: मी विशारद आहे. आपण? मोहनवीणावाले विश्वमोहन भट आणि अमेरिकन गिटारवाले राय कूडर यांना मिळून 1994 साली ग्रॅमी उगाच मिळालं का?

डेल्टाकर: दोघांनी छान वाजवलं. म्हणून दोघांचा गंधार एक होत नाही. सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवा.

कोमल_गंधार: वैयक्तिक होऊ नका. संपादक लक्ष देतील काय?

सुमनताई: अरे, भांडा नंतर. रडगाणं कुठलं? ब्लूज गायक मडी वॉटर्स मिसिसिपीत मळ्यावर राबायचा. 1941 साली लोकगीतं गोळा करणाऱ्या लोमॅक्सने त्याला तिथेच रेकॉर्ड केलं, 1943मध्ये हा पोचला शिकागोला. तिथल्या बारच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून इलेक्ट्रिक घेतली. त्याची निम्मी गाणी फुशारकीची, उरलेली चावट. लावणी ऐकत वाढलेल्यांना हे कळू नये? माझा मुलगा दिवसभर हाउलिन वुल्फ हा ब्लूज गायक लावायचा तेव्हा मी ओरडायचे, "घसा बसलाय त्या माणसाचा!" आता तो बंगळूरला, आणि पोळ्या करताना वुल्फ मीच लावते.

तिरपागडे: ताईंच्या शब्दाखातर ऐकला वुल्फ. आवाज जबरी आहे, मान्य. तीन कॉर्डचे शब्दही मागे घेतो. मी ऐकलं त्या गाण्यात एकच होती.

कोमल_गंधार: माझ्या दरबारीच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.