उत्तर: फक्त ऑक्सिजन लावणारा?

'रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणजे ऑक्सिजन लावणाराच ना?' असं वर विचारलंय. श्वसनाचे उपचार करणाऱ्या या मंडळींच्या कामाची सुरुवात तशीच झाली. अमेरिकेत सिलिंडर वॉर्डावॉर्डांत नेणाऱ्यांची संघटना १९४७ साली शिकागोत उभी राहिली. तीच आजची अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअर. आता हीच मंडळी व्हेंटिलेटर सांभाळतात. पण मला त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं ते श्वासाच्या औषधाचा पंप (इनहेलर) वापरायला शिकवण्याचं. आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, सावकाश आत घेतानाच दाबा, मग दहा सेकंद रोखा. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायचीच. माझ्या आईला हे कुणी दाखवलंच नव्हतं, वर्षभर बरंचसं औषध घशातच बसत होतं! आपल्याकडे प्रत्येक दवाखान्यात हे शिकवणारं माणूस हवंच.