दहा वर्षांच्या मुलीला स्नोबोर्ड वाढत्या मापाचा घ्यावा का?

कॅल्गरीची_आई

लेकीने गेल्या महिन्यात कॅनडा ऑलिंपिक पार्कवर स्नोबोर्डिंगचे चार क्लास केले आणि आता घरात दुसरा विषय नाही. दर वेळी भाडं भरण्यापेक्षा एखादा जुना बोर्ड घेऊन टाकावा असं चाललंय. एका गृहस्थांकडे १३५ सेंमीचा मिळतोय, बाइंडिंगसकट (बूट बोर्डाला अडकवायचे पट्टे) ६० डॉलर, दिसायलाही झकास. लेक १३७ सेंमी उंच, वजन ३१ किलो. म्हणजे बोर्ड उभा केला तर जवळजवळ तिच्याएवढाच. नवऱ्याचं म्हणणं, पुढच्या वर्षी बसेल की! आम्ही दोघंही चार बोटं दुमडून शिवलेल्या युनिफॉर्मात वाढलोय, त्यामुळे मलाही ते पटायला लागलंय. भाड्याचा बोर्ड केवढा होता ते बघितलंच नाही. त्यावर आकडा असतो हे आज कळलं. शनिवारपर्यंत सांगायचंय. घेऊ का?

बर्फातला_वैदर्भी

नका घेऊ. बोर्ड उभा धरला की हनुवटी ते नाक यात कुठेतरी यायला हवा, शिकाऊ असेल तर हनुवटीकडे. तिचं ११५ ते १२५ निघेल.

नाक_गोठलं

वैदर्भींचं बरोबर, पण उंची हा नुसता अंदाज झाला. बोर्डाला तुमची उंची कुठे कळते, त्याला कळतं वजन. कंपन्या प्रत्येक मापापुढे किलोंची मर्यादा देतात, आधी ती बघा.

मी हा उद्योग करून बसलोय. पोरगा नऊ वर्षांचा, २८ किलो. विकणारा म्हणाला, लांबरुंद घ्या, स्थिर राहतो. खोटं नव्हतं ते. पहिल्या दिवशी पोरगा सरळ असा गेला की मी व्हिडिओ काढून सोलापूरला पाठवला. मग वळायची वेळ आली. हा कमरेतून वाकतोय, हात फिरवतोय, बोर्ड आपला नाकासमोर! शेवटी मागची कड बर्फात अडकली आणि माकडहाडावर आपटला. दोन शनिवार असेच गेल्यावर म्हणाला, बाबा, मला स्केटिंगच बरं.

मला तेव्हा रुंदीचं काही कळत नव्हतं. बोर्ड वळतो तो कडेवर कलला की, आणि पाय बोर्डावर आडवे असल्याने कलवायचा चवड्याने नाहीतर टाचेने. पाय २१ सेंमीचा आणि बोर्ड मधे २४ रुंद, तर चवडा कडेपर्यंत पोचणार कसा? दार बिजागरीपाशी ढकलून बघा, तसं होतं.

माझं स्वतःचं नेमकं उलटं झालं. वजन ९२ किलो, बुटाचं माप २९.५ सेंमी. लांबी तक्त्यात बघून नीट घेतली, पण बोर्ड मधे जेमतेम २५ सेंमी. बुटाचा तळ मापापेक्षा दोनअडीच सेंमी लांब असतो हे कोण बघतंय! नाकिस्काच्या उतारावर चिनूक हा गरम वारा येऊन गेल्यावर, म्हणजे वरचा बर्फ वितळून पुन्हा दगड झालेला असताना, चवड्याच्या बाजूला जरा जास्त कललो. बुटाचं टोक बर्फाला घासलं, कड सुटली आणि मी तोंडावर. हेल्मेट होतं म्हणून हे टाइप करतोय. मोठ्या पायांसाठी वाइड नावाचे वेगळे बोर्ड निघतात, साधारण २६ सेंमीपासून पुढचे. बुटाची टोकं दोन्हीकडे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर राहिली तर चालतं.

तुमच्या १३५ची परीक्षा घरीच होईल. फरशीवर ठेवा. कॅम्बरचा असेल तर मधे कमान दिसेल, खालून कागद सरकेल. लेकीला वर उभं करा. कमान जमिनीला टेकलीच नाही, तर तो बोर्ड तिच्या वजनाचा नाही. रॉकरचा असेल तर तो मधे आधीच टेकलेला असतो, त्यावर हा प्रयोग फुकट.

कॅल्गरीची_आई

काल तो बोर्ड बघून आले, लेकीलाही नेलं होतं. कमान जशीच्या तशी! ती वर उड्या मारत होती तरी टेकेना. गृहस्थ सज्जन, त्यांनीच मागचा स्टिकर दाखवला: ४५ किलोपासून पुढे. घरी येऊन लेकीला भिंतीला टेकवून खुणा केल्या. हनुवटी ११७, नाक १२३. क्लासच्या दुकानात फोन केला तर त्यांच्या नोंदीत १२०. सीझनभर भाड्यानेही देतात म्हणे, मधे मुलगी वाढली तर मोठा बदलून मिळतो. तेच करतोय. नवरा विचारतोय, निदान बूट तरी एक माप मोठे घेऊ?

बर्फातला_वैदर्भी

बूट तर मुळीच नको! टाच आत उचलली गेली की पायाने दिलेला जोर बुटातच जिरतो, बोर्डापर्यंत जातच नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी लागावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. सॉक्स एकच घाला, दोन नाही. लहान मुलांच्या काही बुटांत एक जादा तळवा असतो, पाय वाढला की काढून टाकायचा. तेवढी हौस नवरोबांना भागवू द्या.

नाक_गोठलं

आणि कुठला पाय पुढे ते दुकानात विचारतील. घरातच सॉक्स घालून गुळगुळीत फरशीवर घसरायला सांगा. ज्या पायाने पुढे जाईल तो पुढचा. आमच्याकडे डावा समजून महिनाभर शिकवलं, निघाला उजवा.