ओव्हनमध्ये थाई चवीचं पापलेट आणि तिसऱ्या (शिंपल्या)

ठाणेकर_माई: अर्ध्या किलोचं पापलेट आणलंय, सोबत तिसऱ्या. गलांगल (आल्यासारखा थाई कंद) कुठे मिळालं नाही, आलं चालेल? आणि दोन्ही एकदमच ओव्हनमध्ये ठेवू का?

गळ_टाकून: आलं चालेल, थोडंच घाला. गवती चहाची पाती नको, बुडाचा पांढरा दांडा ठेचून पोटात भरा. केळीच्या पानात गुंडाळून २०० अंशांवर २० मिनिटं. तिसऱ्या शेवटच्या ८-१० मिनिटांत, नाहीतर रबर चावत बसाल. शिजल्यावरही न उघडलेल्या फेका.

कोकणी_जावई: फिश सॉस खारट असतो, वेगळं मीठ चोळू नका. सोबतची चटणी कच्चीच: हिरवी मिरची, लसूण, कोथिंबिरीची मुळं, लिंबू, फिश सॉस, चिमूटभर गूळ.

ठाणेकर_माई: मुळं? ती तर भाजीवालाच कापून टाकतो! उद्या दटावते त्याला.